बाळंतिणीला सांगायचं की नाही?

"मॅडम, बाळाचा रिपोर्ट बरोबर आलेला नाही. तिला इतक्यात सांगायला नको ना?" मी समुपदेशक, त्यामुळे हे मला कधी नवरा विचारतो, कधी आजी, एकदोनदा मामाही विचारून गेलेत. कारण ठरलेलं: ओली बाळंतीण, टेन्शन घेईल, दूध आटेल.

असंच विचारायला आलेले एक गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बायको पहिल्या बाळंतपणासाठी भांडुपला माहेरी. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक) वाढलेला निघाला. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा हे ठाणे लोकलच्या दारात लोंबकळत होते. "परत रक्त द्यायला या" एवढंच ऐकू आलं. बाकीचं त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि मतिमंदत्वापाशी येऊन अडकले. दुसऱ्या तपासणीत जन्मजात हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच कमी काम करणं, पक्का झाला, गोळी सुरू झाली. सासू-जावयांनी मिळून बायकोला सांगितलं, कावीळ जरा जास्त होती, ही ताकदीची गोळी.

"म्हणजे तिला काहीच कळलेलं नाही?"

"अजिबात नाही."

"मग बाळाला घेऊन दोघंही या."

आली. बसल्या बसल्या तिने बाळाच्या छातीवर हात ठेवला तो काढलाच नाही. बाळ कसं आहे विचारलं, तर नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "याच्या हृदयाला भोक आहे ना? घरात सगळे कुजबुजतात. मी रात्रभर बघत बसते, श्वास चालू आहे का."

नवऱ्याच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं, हृदय ठणठणीत आहे! थायरॉईड आहे फक्त."

"थायरॉईड? मावशीला आहे तसं? रोज एक गोळी?"

आणि ती रडायला लागली. मी रडू दिलं, पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी मध्ये पडायचं नसतं, एवढं या खुर्चीने मला शिकवलंय.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांच्या पठडीतली. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त पिळतो, असं मानणारी. त्या दिवशी त्यात एक भर पडली. घटना कळली नाही म्हणून अर्थ लावणं काही थांबत नाही. घरच्यांनी जे दडवलं होतं, त्यापेक्षा कितीतरी भयंकर आजार तिने मनात धरला होता.

मग आलंच, "माझं काही चुकलं का?" अशा बहुतेक बाळांमध्ये थायरॉईड ग्रंथी गर्भातच नीट घडलेली नसते किंवा जागेवर आलेली नसते. तुम्ही पपई खाल्ली की ग्रहण पाहिलं, याचा काही संबंध नाही, असं मी स्पष्ट सांगितलं, तेही नवऱ्यासमोर.

लपवण्यात व्यवहाराचाही तोटा आहे. गोळी आईच्या चमचाभर दुधात किंवा पाण्यात कुस्करून द्यायची, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या थेंबांपासून काही तास लांब. दिवसभर बाळ जिच्या हातात, तिलाच हे माहीत नको? दुसऱ्या आजारांचंही तेच: जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींना जपणारं एक विकर) कमी असलेल्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या चालत नाहीत, आणि बाळाचे कपडे घडी करून ठेवणार कोण, मामा?

डॉक्टर-नर्स मंडळींनाही माझं सांगणं असतं. शक्यतो आईबापांना एकत्र बसवून सांगा. फोनच करायचा तर आधी विचारा, आत्ता बोलता येईल का? आणि पुढे काय करायचं ते त्याच दमात सांगा. टाचेतल्या रक्ताची ही पहिली चाचणी म्हणजे चाळणी, निदान नव्हे. जन्मल्याबरोबर टीएसएच उसळतोच, म्हणून रक्त साधारण 48 ते 72 तासांनी घेतात. त्याआधी घेतलं तर निरोगी बाळाचाही आकडा चढा दिसू शकतो. पण म्हणून दुसऱ्या तपासणीला "बघू पुढच्या आठवड्यात" चालत नाही. आजार पक्का झाला तर जन्मापासून 2 आठवड्यांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी. तशी झाली आणि नियमित चालली, तर बहुतेक मुलांची बुद्धी आणि वाढ चारचौघांसारखीच होते.

जाताना गृहस्थांनी विचारलं, गोळी जन्मभर का? काहींना जन्मभर लागते. काहींची 3 वर्षांनंतर डॉक्टर थांबवून बघतात. मधला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आपल्या मनाने मात्र बंद करू नका, कारण तो नॉर्मल येतो गोळीमुळेच.