त्याच्या मागे बसायला आता भीती वाटते

ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. रत्नागिरीजवळ सासू-सासऱ्यांसोबत राहतो. ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार जोडून आम्ही दोघं मोटरसायकलने पन्हाळ्याला गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी मुक्कामाला. खूप छान गेले ते दिवस. पण रविवारी तिथून निघायलाच साडेचार वाजले. आंबा घाटात पाऊस, धुकं, त्यात अंधार. तरी तो गाड्या ओव्हरटेक करत होता. मी दोनदा पाठीवर थाप मारली, थांबला नाही. एका वळणावर मागचं चाक सरकलं. पडलो नाही, पण घरी येईपर्यंत मी थरथरत होते. त्याला बोलले तर म्हणाला, "पडलो का? मग?" आता दिवाळीनंतर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं म्हणतोय. मी नको म्हटलं की म्हणतो, तुझा माझ्यावर विश्वास नाही. सासूबाईंना सांगितलं तर फिरणंच बंद होईल, त्या आधीच म्हणाल्या होत्या, एसटी आहे की. मी खरंच भित्री आहे का?
— मागे बसणारी

नाही गं. भित्री असतीस तर आंबा घाट चढून पन्हाळ्याला गेलीच नसतीस.

इथे थोडक्यात दिलंय, पण तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली जवळजवळ तीन पानं पन्हाळ्याची आहेत. तीन दरवाजावरचं कोरीवकाम, अंबरखान्यातल्या गंगा कोठीचा थंडावा, पावसात भिजत खाल्लेली झुणका-भाकर, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी तो एकदम गप्प झाला ते. सगळं तू भरभरून लिहिलंयस. फिरणं सोडायची इच्छा असलेली बाई असं लिहीत नाही. म्हणून "मग नका जाऊ" हा सोपा सल्ला मी तुला देणार नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. अंधारबावीत उतरताना तुला पायरी दिसेना, तेव्हा त्याने मोबाईलचा उजेड स्वतःच्या पुढे न धरता तुझ्या पावलांवर धरला आणि तू "हं" म्हणेपर्यंत पुढची पायरी उतरला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी याच माणसाने पाठीवरची थाप ऐकली नाही. ही दोन्ही माणसं एकच आहेत, हे विसरू नकोस. तुझ्या पावलाने चालणं त्याला येतं. हँडल हातात आल्यावर ते सुटतं, एवढंच. आणि ते परत शिकता येतं.

आता विश्वासाचं बोलू, कारण तुझं तोंड बंद झालंय ते या शब्दाने.

मागे बसणाऱ्याच्या हातात काय असतं? हँडल नाही, ब्रेक नाही, समोरचा रस्ताही धड दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ. गाडी कुठे झुकणार हे त्याला आधी कळतं, तुला झुकल्यावर कळतं. त्यामुळे एकाच गाडीवर बसून त्याला जो वेग मजेचा वाटतो, तोच तुला जिवावरचा वाटतो, आणि दोघंही खोटं बोलत नसता. शिवाय धुक्याला तुमचा एकमेकांवर किती विश्वास आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. गाडी ताशी ६० ने चालली असेल तर एका सेकंदात ती साडेसोळा मीटरच्या पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर येईपर्यंत तो एक सेकंद जातोच. दाट धुक्यात तेवढं पुढचं दिसतच नाही. ४० वरून ६० वर गेलं की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर दुपटीहून जास्त होतं, तेही कोरड्या रस्त्यावर. आंब्यात ओला रस्ता होता, उतार होता, आणि मागे तू होतीस. चाक सरकलं ते तुझ्या अविश्वासामुळे नाही सरकलं.

तरी मला वाटतं, तुला वेग एवढा लागलेला नाही. लागलीय ती थाप. तू मारलीस आणि ती पोचली नाही. मागे बसणाऱ्याकडे तेवढा एकच ब्रेक असतो, आणि तो त्या रात्री लागला नाही. वर "पडलो का? मग?"

हे मला कळतं, कारण मी ते भोगलंय. लग्नानंतरची आमची पहिली स्कूटर. चिपळूणहून कऱ्हाडला माझ्या माहेरी निघालो होतो, कुंभार्ली घाटात. त्याने एका ट्रकला वळणावर मागे टाकलं, आणि समोरून दुसरा आला. सीटमागच्या स्टेपनीला मी इतकी घट्ट धरून बसले होते की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. आईने विचारलं तर थंडी वाजतेय म्हणाले. एप्रिल महिना होता. त्याला मी काहीच बोलले नाही. पुढची सहा वर्षं प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढलं. डोकं दुखतंय, पाहुणे यायचेत, मुलाला सर्दी आहे. तो बिचारा समजत राहिला की बायकोला माझ्याबरोबर यायचं नसतं. खरं कारण मी सांगितलं तेव्हा तो किती तरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तेव्हाच का नाही बोललीस?" ती सहा वर्षं आम्हाला कुणी परत दिली नाहीत. तू दोन महिन्यांतच लिहिलंस, फार बरं केलंस.

तर बोल. घरात रात्री दबक्या आवाजात नको, आणि त्याने हेल्मेट हातात घेतलेलं असताना तर मुळीच नको. एखाद्या संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जा, चालता चालता बोल. सुरुवात अंधारबावीपासून कर. म्हण, "तिथे तू माझ्या पायावर उजेड धरलास, तसं मला घाटात हवं होतं." मग थापेचं सांग. "तू वाईट चालवतोस" हे वाक्य मात्र नको. ते ऐकलं की तो गाडीची बाजू घेईल आणि तुझं ऐकायचं राहून जाईल. "मी थाप मारली आणि तू थांबला नाहीस, तेव्हा मला एकटं वाटलं," एवढंच. आणि मग गप्प राहा, त्याला उत्तर शोधायला वेळ दे.

त्याने ऐकलं तर एक गोष्ट पक्की ठरवून घ्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे पुढच्या रुंद जागी थांबायचं. का, कशाला, हे थांबल्यावर विचारायचं. हे त्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडू नकोस, ठरावच करा.

बाकीचं वागण्यातलं आहे, तेही सांगते. तू लिहिलंयस की त्याचं जुनं हेल्मेट घातलं होतं आणि ते डोक्यावर फिरत होतं. असलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं करतं, पण कायद्यासाठी नको, तुझ्या डोक्याच्या मापाचं, आयएसआय शिक्क्याचं घे आणि पट्टा हनुवटीखाली लावायची सवय कर. दोघं बसणार असाल तेव्हा मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, चेनच्या कव्हरजवळच्या स्टिकरवरही बहुतेक सापडेल. ओढणी गुंडाळून जॅकेटच्या आत. उतारावर खालच्या गिअरमध्ये, न्यूट्रल कधीच नाही.

आणि वेळ! मला विचारशील तर त्या दिवशीची अर्धी चूक घाटात झालीच नाही, ती पन्हाळ्यावर साडेचार वाजता झाली. पावसाळ्यात तिथून जेवून दुपारी एकलाच निघायचं. सज्जा कोठी राहिली तर राहू दे, पन्हाळा कुठे पळून जात नाही.

महाबळेश्वर मात्र लगेच नको. आंबेनळी हा सरळ उभा, वळणांचा घाट आहे. २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीहून निघालेली बस तिथे दरीत गेली, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. तू मागे बसून सतत तेच आठवत राहिलीस तर त्या सहलीत उरलं काय? आधी पुन्हा पन्हाळाच करा. दिवाळीनंतर आभाळ मोकळं असतं, तोच रस्ता दिवसाउजेडी बघ. जमलं तर मलकापूरकडून पांढरपाण्याला वळून पावनखिंड बघून या. जुलै १६६० मध्ये भर पावसात, रात्री, महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते याच मुलखातून. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी गप्प होणाऱ्या माणसाला तिथे नक्की जावंसं वाटेल.

सासूबाईंना काय सांगायचं? घाटातलं भांडण त्यांच्यापर्यंत नेऊ नकोस, ते तुम्हा दोघांचं आहे. पण त्यांची काळजी खोटी नव्हती, तेव्हा निघताना सांग, "आई, अंधाराच्या आत घाट उतरतो, साखरप्याला पोचलो की फोन करते." आणि कर.

अजून एक. तुझ्याकडे स्कूटी आहे असं लिहिलंयस. एखाद्या रविवारी त्याला मागे बसव आणि हातखंब्यापर्यंत ने. नीट चालव, त्याला घाबरवायला नको. नुसतं मागे बसून हात कुठे ठेवावे हेच कळत नाही, ते त्याला कळू दे. आमच्या घरी माझ्या सांगण्यापेक्षा यानेच जास्त काम झालं होतं.

एवढं करूनही तो हसण्यावारी नेईल, चिडेल, "इतरांच्या बायका येतात" म्हणेल, तर त्याच्या मागे घाटात बसू नकोस. स्पष्ट सांग, घाटापुरती मी एसटीने येते, वर भेटू. यात रुसवा नाही, हट्ट नाही. जीव तुझा आहे. आणि त्याचं तुझं न ऐकणं फक्त गाडीपुरतं नसेल, पैशांत, दवाखान्यात, माहेरी जाण्यातही तुझी थाप अशीच वाया जात असेल, तर मला पुन्हा लिही. तो विषय वेगळा आहे आणि त्याला मी वेगळं उत्तर देईन.

तूर्त भाट्याला जा. काय म्हणाला ते कळव, मी वाट बघतेय.

— तुझी ताई