आई ताटाकडे नुसती बघत बसते

प्रश्न : आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. हल्ली ती ताटासमोर नुसती बसून राहते, भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटते, कधी हात ढकलते. पाणी विचारलं की नको. वजन उतरलंय. मग मी ओरडते आणि नंतर मलाच वाईट वाटतं. काय करू?

उत्तर : हा हट्ट नाहीये हो. जेवण म्हणजे ताट दिसणं, हे खायचंय हे कळणं, घास उचलणं, चावणं, गिळणं, आणि डिमेन्शियात यातलं काहीही अडू शकतं, त्यामुळे आईंचं नेमकं कुठे अडतंय ते एकदोन जेवणं शांतपणे बघा.

ताटाकडे नुसत्या बघतात म्हणता तर मला आधी रंगाचा संशय येतो. पांढऱ्या ताटात फिकट जेवण वाढलं तर त्यांना ते वेगळं दिसतच नाही. २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) खूप वाढलेल्या लोकांना गडद रंगाची ताटं-ग्लास देऊन बघितले, तर खाणं २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. माणसं मोजकीच होती, पण करून बघायला काय जातंय? नक्षीचा टेबलक्लॉथ काढा, टीव्ही बंद, आणि एका वेळी एकच पदार्थ वाढा.

मग चमचा त्यांच्या हातात द्या, वरून तुमचा हात धरा आणि पहिला घास तोंडापर्यंत न्या, पुढचे घास बऱ्याचदा हात आपसूक घेतो. तुम्हीही समोर बसून जेवा, बघून बघून खातात. चमचा जमत नसेल तर हातात धरून खाता येईल असं मऊ काहीतरी द्या, सांडलं तर सांडू दे.

तोंड मिटतात तर तोंडात बघितलंय का? वजन उतरलं की कवळी सैल होऊन टोचते, हिरडीला फोड येतो, आणि दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. डोनेपेझिल हे डिमेन्शियाचं औषध चालू असेल तर त्यानेही भूक मरते, डॉक्टरांना विचारा. हात ढकलला की थांबा, अर्ध्या तासाने परत. जबरदस्तीने घास कोंबायचा नाही, ठसका लागेल.

पाण्याचं विचारूच नका, "नको"च येणार. रंगीत ग्लास थोडासाच भरून हातात द्या, दिवसभर घोट घोट. सूप, दूध, रसदार फळं पण चालतात. पाणी कमी पडलं की गोंधळ अचानक वाढतो आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला.

खाताना खोकला येतो, नंतर आवाज घोगरा-ओला होतो, घास गालात साठतो, असं काही दिसलं तर वाट बघत बसू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या. पातळ पदार्थ दाट करायची पावडर मनाने सुरू करू नका. जेवताना ताठ बसवा, नंतरही अर्धा तास. वजन दर महिन्याला लिहून ठेवा, महिन्यात ५ टक्के उतरलं तर लगेच दाखवा.