लझानियाचं पाणी सुटतंय ते ठीक, आधी चीजचं पाकीट वाचा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचं आमचं अमळनेरचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. लेकीला वाढदिवसाला कार्टूनमधल्या गारफील्ड मांजरासारखा लझानिया (पास्त्याच्या शीटचे थर लावून भाजलेला पदार्थ) हवा, घरात अंडंसुद्धा चालत नाही, पहिल्या खेपेला ट्रेमध्ये तळं साचलं, आणि आता "अस्सल चवीसाठी इटालियन पार्मेझान चीज मागवू का" असं विचारताय. तळ्याचं सोपं आहे. पार्मेझान मात्र मागवलं असेल तर आत्ताच्या आत्ता रद्द करा.

आधी तळं. ते पाणी वांग्याचं. तुम्ही कच्च्या चकत्या लावल्यात. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून त्याच्या पोटातलं पाणी काही कमी झालं नाही! भरिताला भाजतो तसं भाजा (तुराट्यांवर उत्तम, नाहीतर गॅसवर), सोलून गर अर्धा तास चाळणीत ठेवा, मग लसणावर कोरडा होईतो परता. टोमॅटोचा सॉस इतका आटवा की उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसावा. पांढऱ्या सॉसला अर्धा लिटर दूध, लोणी आणि मैदा ५०-५० ग्रॅम, वर जायफळ. गुठळ्यांबद्दल मी काही सांगत नाही, ते तुम्हाला जमतंच.

आता चीज. माझ्या भाच्याला गारफील्डचं वेड. जिम डेव्हिसचं हे १९७८ सालचं मांजर म्हणे इटालियन हॉटेलच्या स्वयंपाकघरात जन्मलं. पोराने हे मला इतक्या वेळा ऐकवलं की चीजही तिकडचंच हवं असं माझ्याही डोक्यात बसलं. मोठ्या शहरातल्या एका आयात मालाच्या दुकानातून ८०० रुपयांचा तुकडा मागवला. घरात सासूबाई माळकरी, म्हणून फोन करून विचारलंही, "प्युअर व्हेज आहे ना?" पलीकडून उत्तर, "दुधाचंच असतं ताई, व्हेजच." मी मान डोलावली. चूक झाली ती इथे. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का, हे बघितलंच नाही.

लझानिया झकास झाला. सासूबाईंनी "हाई काय शे वं?" म्हणत ताट पुढे केलं आणि दुसरा तुकडाही घेतला. मग वरचा किस बोटांत चुरडत सहज म्हणाल्या, "पनीरला आपण लिंबू पिळतो. याचं दूध काय घालून फाडतात?"

मला सांगता येईना. केराच्या टोपलीतून पाकीट काढलं. आयातदाराचा स्टिकर नेमका मूळ मजकुरावर चिकटवलेला. नखाने सोलला तर खाली इटालियनमध्ये तीनच जिन्नस: दूध, मीठ आणि 'काल्यो'. मला वाटलं आपल्या गोपाळकाल्याचं कोणी पाहुणं असेल, हसलेसुद्धा. भाच्याने फोनवर शब्द शोधला आणि तो गप्प झाला. काल्यो म्हणजे दूध फाडायचं रेनेट, आणि या चीजमधलं दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, चूळ भरली, बराच वेळ गळ्यातली माळ हातात धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती, तरी जेवल्या नाहीत.

दुकानाला परत फोन केला तर "आम्ही बनवत नाही, फक्त विकतो" आणि "उघडलेलं पाकीट परत घेत नाही". अरे, पैसे कोणी मागितले होते? पुढच्या गिऱ्हाईकाला तरी खरं सांगा, एवढंच म्हणत होते. तेवढ्यात फोन ठेवला.

इटलीवाल्यांचा यात दोष नाही. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेझान, या नावाने विकायचं तर नियमानेच वासराचं रेनेट लागतं. ग्राना पादानो या चीजलाही तेच, पेकोरिनो रोमानो चीजला कोकराचं. बुरशीपासून केलेलं रेनेटही मिळतं आणि त्याचं चीज शाकाहारीच. म्हणून नुसतं 'रेनेट' लिहिलेलं दिसलं तर कशाचं ते लेखी विचारा. फोनवरच्या "हो ताई"ला काही अर्थ नाही. लझानियाच्या शीटचं पाकीटही वाचा, काहींत अंडं असतं.

माझं मत विचाराल तर हिरव्या ठिपक्याचं मोझरेला, थोडं चेडर आणि घरचं लिंबाचं पनीर कुस्करून, बस्स. पार्मेझानची खारट चव येत नाही, खोटं कशाला बोलू. पण भाजक्या वांग्याचा धुरकट वास एवढा असतो की पोरांना कळतही नाही. मी काही शेफ नाही, आणि हे आमच्या घरचं झालं. तुमच्याकडे रेनेट चालत असेल तर खुशाल खा.

१८० अंशांवर ४० मिनिटं, शेवटची १० झाकण काढून. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, ओटीजी (छोटा ओव्हन) नुसता कोमट होतो, म्हणून मी दुपारीच उरकते. बाहेर काढल्यावर २० मिनिटं सुरी लावू नका. पोरं ओरडतील, ओरडू द्या. गरम कापला की सगळे थर घसरतात आणि परत तळं.

ओटीजी किती लिटरचा आहे आणि पोरं किती येणार ते कळवा, म्हणजे ट्रेचं माप सांगते.