पाच मिनिटांत बंद पडणारं मशीन, आणि बॅटरीच्या मोअरविषयी इतर प्रश्न

पावसाळा लागला की लॉन असलेल्या घरांतून गवत कापायच्या मशीनविषयी पत्रं येऊ लागतात. या वेळची बहुतेक पत्रं बॅटरीवरच्या मशीनबद्दल आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी 36 व्होल्टचं मशीन घेतलं. उन्हाळ्यात मस्त चालतं, पण पाऊस सुरू झाला की दर पाच मिनिटांनी बंद पडतं. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवी घ्या. आम्ही पंधरा दिवसांनी एकदा गवत कापतो. – एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि बॅटरीवरचा संशय बराच कमी झाला. जुलै-ऑगस्टमध्ये हरळी पंधरा दिवसांत बारा-पंधरा सेंटिमीटर सहज होते. ती एका फेरीत चार सेंटिमीटरवर आणायची म्हणजे पात्याला नेहमीच्या कितीतरी पट गवत तोडावं लागतं, आणि तेही ओलं. पातं अडखळलं की मोटर जास्त करंट ओढते. करंट मर्यादेबाहेर गेला की बॅटरीतलं सर्किट स्वतःहून पुरवठा तोडतं. म्हणजे तुम्हाला जो बिघाड वाटतो आहे, ते मशीनचं स्वतःला वाचवणं आहे. पेट्रोलचं मशीन अशा वेळी धूर काढत, घुसमटत पुढे जातं. बॅटरीचं मशीन थेट थांबतं.

नवी बॅटरी घेण्याआधी मशीन कसं थांबतं ते बघा. दाट गवतात गचकन थांबलं आणि दांडा सोडून पुन्हा दाबल्यावर लगेच सुरू झालं, तर करंट जास्त झाला होता. दहा-बारा मिनिटं चालून थांबलं आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं सुरूच होईना, तर बॅटरी किंवा मोटर तापली आहे. उंची सगळ्यात वर ठेवून, आधीच कापलेल्या कोरड्या गवतावरसुद्धा ते बंद पडत असेल, बॅटरीवरचे दिवे मात्र भरलेली दाखवत असतील, तर बॅटरीतला एखादा सेल कमजोर झाला आहे किंवा बॅटरी बसते तिथल्या पितळी पट्ट्यांवर गंज आला आहे. दुकानदाराचं म्हणणं या तिसऱ्या प्रकारातच विचारात घ्या, आणि त्यातही आधी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून बघा.

आता उपाय. चावी आणि बॅटरी काढा, मशीन आडवं करा. पात्यावरच्या घुमटासारख्या झाकणात, म्हणजे डेकमध्ये, ओल्या गवताचा हिरवा लगदा थापलेला असेल. पातं फिरताना गवत वर ओढून उभं करतं ते डेकमधल्या हवेच्या जोरावर. लगदा साचला की हवेला जागा उरत नाही आणि गवत कापलं जाण्याऐवजी चिरडलं जातं. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पात्याच्या दांड्याभोवती नायलॉनची दोरी किंवा ठिबकच्या नळीचा तुकडा गुंडाळला गेला आहे का, तेही बघा. हा तुकडा दिसत नाही, पण करंट खातो.

मग उंची सगळ्यात वरच्या खाचेवर लावा आणि दुपारी, पानावरचं पाणी वाळल्यावर कापा. प्रत्येक पट्ट्यात मशीनची अर्धीच रुंदी गवतात घाला. दोन दिवसांनी एक खाच खाली घ्या, आणखी दोन दिवसांनी पुढची. एका वेळी पानाच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा, हा माळ्यांचा जुना नियम बॅटरीच्या मशीनला अधिकच लागू पडतो. चार सेंटिमीटरचं लॉन हवं असेल तर गवत सहा सेंटिमीटर झालं की कापायला हवं. ऐन पावसाळ्यात ती वेळ तीन-चार दिवसांनी येते. पंधरा दिवसांचाच हिशेब ठेवायचा असेल तर आधी विळ्याने किंवा ब्रशकटरने उंची निम्मी करून घ्या. आणि जुलैत युरिया टाकत असाल तर तो आधी थांबवा.

प्रश्न : दोन गुंठे लॉनसाठी नेमकं कोणतं मशीन? 20 व्होल्ट, 36 व्होल्ट, 40 व्होल्ट असे आकडे वाचून गोंधळ झाला आहे. आणि विजेचा खर्च किती येईल? – नाशिक

36 आणि 40 बहुतेक वेळा एकच असतात. आत दहा लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट धरला तर 36, आणि पूर्ण भरल्यावरचा धरला तर 40च्या थोडं वर. तसंच पाच सेलच्या बॅटरीला कुणी 18 म्हणतं, कुणी 20. म्हणून व्होल्टवर भांडू नका, वॅट-तास, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते, ते बघा. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की ते मिळतात : 36 गुणिले 4, म्हणजे 144. अठरा व्होल्टच्या चार अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकत्र लावणाऱ्या मशीनचेही 144च.

दोन गुंठे म्हणजे 2,178 चौरस फूट, साधारण 202 चौरस मीटर. कापायची रुंदी 37 सेंटिमीटर असली तरी शेजारचा पट्टा थोडा झाकावा लागतो, म्हणून 30 धरा. सावकाश चालीने, ताशी अडीच किलोमीटरने, मिनिटाला बारा-साडेबारा चौरस मीटर होतात. निव्वळ कापायला सोळा-सतरा मिनिटं, वळणं आणि झाडांभोवतीची कसरत धरून बावीस ते पंचवीस. कोरड्या, वेळेवर कापलेल्या गवतात असं मशीन सुमारे 350 वॅट घेतं, म्हणजे 144 वॅट-तास जेमतेम पुरतात. पावसाळ्यात तीच ओढ 500-600 वॅटवर जाते आणि पंधरा मिनिटांत खेळ संपतो. तुमच्यासाठी सहा अँपिअर-तासांची एक बॅटरी किंवा चारच्या दोन घेणं योग्य. दोन घेतल्या तर एक थंड होत असताना दुसरी चालते, म्हणून आमचं मत दोनच्या बाजूने.

विजेचा खर्च विचारलात : चार अँपिअर-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरायला चार्जरची गळती धरून सुमारे 0.17 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी दोन रुपयांच्या आत. महाग आहे ती बॅटरी, वीज नव्हे. मशीन घेतानाच त्याच जोडणीची सुटी बॅटरी तुमच्या शहरात मिळते का, ते बघून घ्या.

प्रश्न : कापल्यावर दोन दिवसांनी सगळं लॉन वरून पांढुरकं दिसतं. रोग आहे का? – पुणे

एक पान तोडून टोक जवळून बघा. टोक सरळ कापलेलं असेल तर रोगाचा विचार करू. झालरीसारखं फाटलेलं असेल तर पातं बोथट आहे. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. फाटलेली टोकं वाळून पांढरी पडतात. अशा पात्याने बॅटरीही लवकर संपते.

पंचवीस तासांच्या वापरानंतर धार लावायची, असा सर्वसाधारण अंदाज असतो. पण लॉनखाली मुरमाचा भराव असेल आणि खडे वर येत असतील तर त्याच्या निम्म्या वेळातच धार जाते. चावी काढा, बॅटरी काढा आणि मगच मशीन आडवं करा. इंजिन-ऑइल नसल्यामुळे कोणत्याही कुशीवर चालतं. जाड हातमोजे घाला. पात्याच्या जमिनीकडच्या बाजूला खडूने खूण करा. डेक आणि पातं यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून मधला बोल्ट पान्याने सोडवा.

पातं व्हाइसमध्ये धरा आणि सपाट कानशीने मूळच्या उतारावरच, साधारण 30 अंशात, एकाच दिशेने घासा. दोन्ही टोकांना मोजून सारखे हात मारा. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्यावर मोडते. लोणी लावायच्या सुरीइतकी पुरे. ग्राइंडरवर द्यायचं असेल तर पातं निळं पडू देऊ नका. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, त्यावर धार टिकत नाही.

नंतर भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून पातं अडकवा. जे टोक खाली झुकतं ते जड. त्याच्या मागच्या कडेवरून थोडं कानशीने काढा, धारेवरून नाही. हा तोल न साधता बसवलेलं पातं दांडा थरथरवतं आणि हळूहळू मोटरचं बेअरिंग खातं. परत बसवताना वर वळलेले पंख डेककडे आले पाहिजेत. उलटं बसवलेलं पातं फिरतं, आवाज करतं आणि गवत नुसतं लोळवतं. चीर गेलेलं किंवा वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, बदला.

प्रश्न : मार्चअखेर मशीन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं, बॅटरी आतच होती. जूनमध्ये चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकतो आणि चार्ज होत नाही. – नागपूर

दोन शक्यता. पहिली साधी : बॅटरी तापलेली आहे. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना 45 अंशांच्या वर चार्ज होऊ दिलं जात नाही, आणि तुमच्याकडे मे-जूनमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त तापमान सहज असतं. घरात, पंख्याखाली, दोन तास ठेवून पुन्हा लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

दुसरी शक्यता वाईट. बॅटरी संपलेली असताना मशीनमध्येच राहिली, तर तिच्यातलं सर्किट थोडी-थोडी वीज पीत राहतं. सेलचा दाब अडीच व्होल्टच्या खाली गेला की चार्जर तिला नाकारतो. अशी बॅटरी दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून ‘जागी’ करायचे व्हिडिओ खूप फिरतात. ते करू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार झालेली असू शकते; आग त्या दिवशी लागेलच असं नाही, पुढच्या चार्जिंगलाही लागू शकते. हमीची मुदत असेल तर सेवा केंद्रात द्या.

पुढच्या वर्षी : चारपैकी दोन दिवे लागतील इतकी भरा, मशीनमधून काढा, घरातल्या सर्वांत थंड खोलीत जमिनीलगतच्या कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवणंही चांगलं नाही. भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो.

प्रश्न : अमेरिकेहून परतताना घरसामानाबरोबर मशीन जहाजाने आलं. चार्जरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलं आहे. पिन बदलून चालेल का? मुलगी डिसेंबरमध्ये विमानाने येते आहे, तिला जादा बॅटरी आणायला सांगू का? – ठाणे

नाही चालणार. शंभर रुपयांची पिन फक्त आकार बदलते, 230 व्होल्ट तसेच आत जातात आणि चार्जर जळतो. ‘100–240 व्होल्ट’ असं छापलं असतं तरच पिन पुरली असती. तुम्हाला 230चे 120 करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. चार्जरवर 120 व्होल्ट, 2 अँपिअर असेल तर ओढ 240 व्होल्ट-अँपिअर होते, 500चा घ्या. हलक्या वजनाच्या, इलेक्ट्रॉनिक चार्जरला आपल्या 50 हर्ट्झचा सहसा त्रास होत नाही. इन्व्हर्टरवर चार्ज करणार असाल तर तो साइन वेव्हचा असू द्या. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

बॅटरीवर वॅट-तास छापलेले असतात, ते मुलीला वाचायला सांगा. 100पर्यंत असेल तर केबिनच्या बॅगेत चालते. 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि जास्तीत जास्त दोन नेता येतात, त्याही केबिनमध्येच. 160च्या वर प्रवासी सामानातून नेताच येत नाही. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत कोणत्याही आकाराची चालत नाही. म्हणजे चार अँपिअर-तासांची, 144वाली, परवानगीने येईल. सहाची, 216वाली, नाही.

प्रश्न : जांभ्याच्या अंगणात मशीन तांबड्या चिखलाने माखतं. पाइपने धुतलं तर? – रत्नागिरी

वरून नको. मोटर आणि स्विच वरच्या भागात आहेत, आणि पावसाच्या शिंतोड्यांना टिकणं वेगळं, पाइपची धार वेगळी. बॅटरी काढून मशीन आडवं करा, चिखल वाळू द्या, मग खरवडून ब्रशने झाडा. उरलेलं ओल्या फडक्याने पुसा. डेक पत्र्याचा असेल तर पावसाळ्याआधी आतून गंजरोधक रंगाचा हात द्या.

प्रश्न : जुनी बॅटरी आता सात-आठ मिनिटंच चालते. गावातला ई-बाइकवाला निम्म्या पैशांत आतले सेल बदलून देतो म्हणतो. – सांगली

त्याला एकच प्रश्न विचारा : सेल सलग किती अँपिअर देतो? तुमच्या बॅटरीत बहुधा वीस सेल आहेत, दोन-दोनच्या दहा जोड्या. दाट गवतात मशीनने 800 वॅट ओढले तर 22 अँपिअर होतात, म्हणजे प्रत्येक सेलवर अकरा. पॉवर बँकेतले किंवा साध्या पॅकमधले बरेच सेल पाच अँपिअरवरच तापू लागतात. अंगणात चाचणी ठीक होते, महिन्याभरात बॅटरी फुगते. पुन्हा जोडताना तापमान मोजणारा सेन्सर बाहेर राहिला तर चार्जरला काही कळणारच नाही. त्याच्याकडे जास्त करंटचे नवे सेल, स्पॉट वेल्डिंग आणि तो सेन्सर जागेवर बसवायची तयारी असेल तर विचार करा. आमचा कौल नव्या बॅटरीला.

जुनी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना ती पेट घेते. टोकांवर चिकटपट्टी लावून विक्रेत्याकडे किंवा सेवा केंद्रात द्या. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. फुगलेली असेल तर देईपर्यंत घराबाहेर, सावलीत, कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत ठेवा.