धोंडीरामाच्या घरात आरव

मुलग्यांच्या आगळ्यावेगळ्या नावांबद्दल तुमची बरीच पत्रं साठली होती. नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे नावांचा विषय निघाला की मला थांबवावं लागतं. संपादकांनी यावेळी जागा दिली आहे, तर घ्या.

सासऱ्यांनी घराण्याची वंशावळ लिहून दिली. त्यात धोंडीराम, केरबा, दगडू, भिकाजी अशी नावं ओळीनं आहेत. लेकानं विचारलं, "यांना आपली मुलं आवडत नव्हती का?" काय सांगू? (एक सूनबाई, चिंचवड)

त्याला सांगा, फार आवडत होती, म्हणून तर. देवी, पटकी, धनुर्वात यांत घरोघरी मुलं दगावत. पाठोपाठ दोन-तीन गेली की पुढच्याला असं नाव द्यायचं की दृष्ट लावणाऱ्याला आणि खुद्द यमालाही वाटावं, हे काही नेण्याच्या लायकीचं नाही. घरात ज्याची किंमत शून्य, अशा प्रत्येक वस्तूच्या नावाचा मुलगा आपल्याकडे होऊन गेलाय : केरबा, कचरू, कोंडिबा, दगडू, उकर्डा. काही ठिकाणी नुसत्या नावानं भागत नसे. तान्ह्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्याच बाईनं उचलायचं आणि आईनं पसाभर कोंडा मोजून ते 'विकत' घ्यायचं. पोर माझं नव्हेच, बाजारातलं आहे, असा कांगावा. भिकाजी आणि भिकू देवापुढे पदर पसरून मागून घेतलेले. नथूचं नाक टोचून त्यात नथ घालत. मुलगी समजून तरी काळ पुढच्या दाराला जाईल म्हणून.

धोंडीरामाच्या बाबतीत मात्र सासऱ्यांना एक विचारा : जन्म कोणत्या महिन्यातला? अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला धोंडे खाऊ घालतो तो. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जन्मलेला धोंडू, धोंडीराम, नाहीतर पुरुषोत्तम. सातारा-सांगलीकडे चक्क अधिकराव. तेव्हा तुमचा धोंडीराम दगड असेलच असं नाही, पंचांगातलाही असेल. या नावाची लाज वाटायचं तर काहीच कारण नाही. महर्षी कर्वे धोंडो केशवच होते आणि १९५८ साली भारतरत्न याच नावाला मिळालं. दादासाहेब फाळक्यांचं धुंडिराज मात्र या कुळातलं नव्हे. तो काशीचा ढुंढिराज गणपती.

आणखी एक गोष्ट लेक मोठा झाल्यावर सांगा. मुलग्याला ओंगळ नाव ठेवत ते तो राहावा म्हणून. मुलीला 'नकुशी' म्हणत ते पुन्हा मुलगी नको म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावं जाहीर समारंभात बदलावी लागली.

बाळ हस्त नक्षत्राचं, तिसरं चरण. गुरुजींनी 'ण' अक्षर काढून दिलंय. आता 'ण'वरून नाव कुठून आणू? (त्रस्त बाबा, नाशिक)

कुठूनच नाही. 'ण'नं सुरू होणारा शब्द मराठीत मिळायचा नाही. जैन मंडळींचा णमोकार आहे, पण तो प्राकृत. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या कोष्टकात, हस्ताच्या चार चरणांना पू, ष, ण, ठ अशी अक्षरं आहेत. एक चरण सुमारे सहा तासांचं. बाळानं जरा घाई केली असती तर षण्मुख मिळाला असता, जरा उशीर केला असता तर निदान ठकाजी. आर्द्रेच्या 'ङ'वाल्यांचे आणि उत्तराभाद्रपदेच्या 'ञ'वाल्यांचेही हेच हाल, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

हे नावरस नाव. ते पत्रिकेसाठी, बारशाला कानात सांगून मोकळं व्हायचं. 'ण'च्या जागी 'न' घ्यायला गुरुजी बहुधा ना म्हणणार नाहीत. हाक मारायचं नाव तुमच्या मर्जीचं. आत्याला विचारा, तिचा मान आहे आणि तिच्याकडे यादी तयारच असते.

मुलाचं नाव आरव ठेवलं. ॲपवर अर्थ 'शांत' असा दिलाय. शेजारच्या संस्कृतच्या बाई ऐकून हसल्या. का? (एक आई, सोलापूर)

कारण आरव म्हणजे आवाज, गलका, आरडाओरडा. पाखरांच्या कलरवातला जो रव, तोच हा. रात्री दोनला उठणाऱ्या आईला हा अर्थ ॲपपेक्षा जास्त पटावा. नाव बदलू नका, कानाला गोड आहे. फक्त कुणी विचारलं तर 'शांत' सांगू नका.

या ॲपांचा मला राग आहे, तो काढूनच घेते. अद्विक, रेयांश ही नावं संस्कृत म्हणून खपवतात. कोशात शोधा, सापडायची नाहीत. आवाज जुळवून नवी घडवलेली आहेत. घडवायला माझी ना नाही, शेवटी प्रत्येक नाव कुणीतरी पहिल्यांदा ठेवलंच. पण मग 'वेदातला शब्द' असं पत्रिकेत छापू नका. विहान खरा आहे, अर्थ पहाट. अर्णवही खरा, समुद्र. हल्लीच्या नावांत माझं लाडकं अबीर. शब्द अरबीतून आला, सुगंध या अर्थाचा. पण 'अबीर गुलाल उधळीत रंग' असं चोखोबा म्हणून गेले, त्यानंतर तो परका कसा म्हणणार?

आम्ही न्यू जर्सीत असतो. माझं माहेर सासवडचं, यजमान म्हसवडचे. मुलाचं नाव सोपान ठेवायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "म्हाताऱ्याचं नाव आहे ते." (होणारी आई)

तुमच्या ओळखीतले सोपान म्हातारे झालेत, नाव नाही झालेलं. विठ्ठलपंतांच्या चार मुलांची नावं ओळीनं म्हणून बघा : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतलेल्या बापाच्या घरातली ही नावं. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग चढायला सोपान म्हणजे जिना, आणि वर पोचल्यावर मुक्ती. सोपानकाकांची समाधी तुमच्या सासवडलाच आहे. यापेक्षा जवळचं नाव तुम्हाला परदेशात बसून कुठून सापडणार? शिवाय अमेरिकन जिभेवर ते अडत नाही. 'ज्ञ' आणि 'ळ'वाल्यांची तिथं काय दशा होते, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

सासूबाईंना मल्हारचं उदाहरण द्या. मी नोकरीला लागले तेव्हा मल्हार फक्त होळकरांच्या धड्यात भेटायचा. आता एका बालवाडीत दोन-दोन. मूळ तेच, मल्ल दैत्याचा अरी म्हणून मल्लारी, त्याचा मल्हारी, त्याचा मल्हार. म्हणजे आपला जेजुरीचा खंडोबाच.

तरीही त्या अडून बसल्या तर त्यांच्याच गावाचं दैवत पुढे करा. म्हसवडला सिद्धनाथ आहे, त्यावरून सिद्धनाथ ठेवा, घरात शिदू म्हणा. बघू कशा नाही म्हणतात! गावदेवावरून नाव ठेवण्याची आपल्याकडे किती तऱ्हा आहेत : धनगरांत बिरोबावरून बिरू आणि बिरदेव, तळकोकणात रवळनाथावरून रवळू, गोव्यात मंगेश. जोतीराव फुल्यांचं नावही असंच, १८२७ साली जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून. पालघरकडच्या वारल्यांत तर वारावरूनही नाव पडतं, सोमा, मंगळ्या, बुध्या. प्रसिद्ध चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या नावातला मधला सोमा आठवा.

घरात नावावर एकमत होत नाही आणि दवाखान्यातून फॉर्म भरायची घाई करतात. काय करावं? (आजोबा, मिरज)

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करा, पण नावाची जागा कोरी ठेवली तरी चालते. पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तोवर भांडून घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं, तेव्हा चारही शब्द एका दमात मोठ्यानं म्हणून पाहा. आणि इंग्रजी स्पेलिंग सुनेकडून आणि मुलाकडून, दोघांकडून, लिहून घ्या. 'ए' एक की दोन यावरून माझ्या टेबलासमोर नवरा-बायको जेवढे भांडलेत, तेवढे नावावरून नाही.