कारागृहात कैद्यांसोबत रागावर गटचर्चा घ्यायला जाताना
पहिल्या दिवशी कुणालाही "केस काय?" असं विचारू नकोस. ३०२ वाले, म्हणजे खुनाच्या केसमधलेसुद्धा, वेळ आली की आपणहून सांगतात. कच्च्या कैद्यांशी तर गुन्ह्याचा विषय काढूच नकोस. खटला चालू असतो, बोललेलं अंगाशी येऊ शकतं.

रागावर भाषण नको, कंटाळतात. त्यापेक्षा भांडणातलं एकच मिनिट घे. समोरचा काय म्हणाला, हात कधी शिवशिवले, त्याआधी डोक्यात काय आलं? एवढ्यावर तासभर जातो, आणि खरं काम तिथेच होतं. 'त्यानेच मला भाग पाडलं' हे येणारच. लगेच खोडू नकोस, पुढचा प्रश्न विचार.

चिठ्ठी, फोन नंबर, घरचा निरोप, काही म्हणजे काही बाहेर न्यायचं नाही. मागणारे गोड बोलूनच मागतात.

कैद्यांना विपश्यना ध्यानाचा उपयोग होतो का, असं विचारलंस. १९९४ मध्ये तिहारला हजारभर कैद्यांचं शिबिर झालं होतं. उपयोग होतो, पण दहा दिवसांनी माणूस त्याच बराकीत परततो. मला आटपाडीचं स्वतंत्रपूर जास्त पटतं. औंध संस्थानाने १९३९ साली काढलेली खुली वसाहत. कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. एकदा बघून ये. परवानगीचा अर्ज मात्र आधीच टाक.