छत्तीस नंबरची दाढ आणि जर्मन डॉक्टरीण

निपाणीच्या ताई, तुम्ही विचारलंय की जर्मनीला लेकीकडं तीन महिने जायचंय, दाढ मधनंमधनं ठणकते, लेक-जावई दिवसभर कामावर, आणि मराठी-कन्नडशिवाय तुम्हाला फारसं काही येत नाही. घराजवळच्या डेंटिस्टकडं एकटीनं जाणं जमेल का? जमतंय की. मी श्टुटगार्टला मुलाकडं असताना असाच गेलोय.

पण आधी इथं दाखवूनच जावा. एक्सरे काढून घ्या आणि डॉक्टरांकडनं कागदावर दाढेचा नंबर लिहून घ्या. नंबर दोन आकडी असतोय. पहिला आकडा तोंडाच्या भागाचा : आपल्या उजवीकडं वर 1, डावीकडं वर 2, डावीकडं खाली 3, उजवीकडं खाली 4. दुसरा आकडा, मधल्या रेषेपासनं कितवा दात ते सांगतोय. माझी दाढ 36. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, ‘द्राय, झेक्स’ म्हणाल्या आणि आरसा नेमका तिथंच लावला. मी तोंडातनं एक शब्द काढला नव्हता. (छत्तीसच्या आकड्यानं कुणाचं जुळल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.) अमेरिकेला कुणी जाणार असेल तर तिथं ही पद्धत चालत नाही. ते 1 ते 32 असे सरळ मोजतात, माझी 36 तिथं 19 होते.

त्याच कागदावर बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, कशाची ॲलर्जी, हे सगळं इंग्रजीत लिहा. गोळीचं कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं लिहा. आपल्या ब्रँडची नावं तिथं कुणाला कळत नाहीत.

माझी फजिती शब्दांनी नाही, मानेनं केली. इंजेक्शन दिल्यावर बाईंनी दाढेवर टोचून विचारलं, ‘श्मेर्त्सेन?’ म्हणजे दुखायलंय का. मी आपली मान डोलावली, ‘ठीक आहे, चालू दे’ अशा अर्थानं. त्यांना वाटलं दुखायलंय, आणखी एक इंजेक्शन! संध्याकाळपर्यंत ओठ लोंबत होता, चहा शर्टावर. तेव्हा मान हलवूच नका. बसायच्या आधीच हात वर करून दाखवा, ‘श्मेर्त्सेन, श्टॉप’ म्हणा, त्यांना कळतंय. मी मात्र ऐनवेळी घाबरून कन्नडमध्ये ‘साकु, साकु!’ (पुरे, पुरे!) ओरडलो. गोकाकला नोकरीत असताना ‘हल्लु नोवु’वर (दात दुखतोय) निभावलेलं, ते सगळं तिथं उफाळून आलं. आवाजावरनं बाई थांबल्या म्हणा.

पैशाचं आधी बोला. व्हिसासाठी 30,000 युरोचा विमा काढावाच लागतोय, पण दाताचं त्यात बहुतेकदा अचानक उठलेल्या दुखण्यापुरतंच असतंय, तेही ठरावीक रकमेपर्यंत. कॅप वगैरे धरूच नका. कागद-पेन पुढं करून ‘कोस्टेन?’ विचारा, त्या आकडा लिहून देतात. मी तेवढी कळ थांबवून घेतली, बाकीचं बेळगावला येऊन केलं.

आपल्याकडं मेडिकलमधनं मागून ॲमॉक्सिसिलिन आणतात, तसं तिथं चालत नाही, चिठ्ठी लागते. साधी आयबुप्रोफेन मात्र अशीच मिळते.

आणि लेकीला सांगा, फोनवर वेळ घेताना नुसतं ‘दाखवायचंय’ म्हणू नको, ‘श्मेर्त्सेन’ म्हण. नुसत्या तपासणीला माझ्या मुलाला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळालेली, मला त्याच दुपारी बोलावलं.